पायथन: यादीचे सारखे तुकडे करताना शेवटी उरलेल्यांचं काय करायचं?

ग्रंथसेवक

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. सभासद १,२३७. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना यंदा सगळ्यांना ईमेलने पाठवायची असं कार्यकारिणीत ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. आमची मेलसेवा एका वेळी ५० पत्तेच घेते. पत्ते एक्सेलमधून पायथनच्या यादीत आणून झाले. आता या यादीचे ५०-५०चे गठ्ठे करायचे आहेत.

शोधलं तर पाचसहा पद्धती सापडल्या. कुठे स्लाइस, कुठे झिप, कुठे नमपाय, कुठे इटरटूल्स. चालवून पाहिल्यावर सगळ्यांचे निकाल सारखे येत नाहीत, मुख्यतः शेवटच्या गठ्ठ्यापाशी. एकाही सभासदाची सूचना चुकता कामा नये, कारण सूचना मिळाली नाही म्हणून सभेच्या वैधतेवरच बोट ठेवलं जाऊ शकतं. कोणती पद्धत घ्यावी, आणि तीच का, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

(कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीतच लिहिला तर मला वाचायला सोपं जाईल. चालवताना कीवर्ड आणि आकडे रोमन करून घेईन.)

दशमान

तुमच्या कामाला सगळ्यात साधी पद्धत पुरेशी आहे, आणि ती पक्की आहे:

डेफ तुकडे(यादी, आकार):
    फॉर सुरुवात इन रेंज(०, लेन(यादी), आकार):
        यील्ड यादी[सुरुवात : सुरुवात + आकार]

यादी, आकार, सुरुवात ही नावं पायथन ३ मध्ये देवनागरीत ठेवलीत तरी चालतात. डेफ, फॉर, यील्ड हे शब्द आणि कोडमधले आकडे तेवढे रोमन हवेत.

आता तुमच्याच आकड्यांवर बघू. रेंज(०, १२३७, ५०) मधून ०, ५०, १०० असं करत १२०० पर्यंत पंचवीस सुरुवाती मिळतात. पहिला स्लाइस, म्हणजे यादीतून कापलेला सलग तुकडा, [०:५०]. यात ०पासून ४९पर्यंतचे सभासद येतात, ५० क्रमांकाचा येत नाही. तो पुढच्या [५०:१००] मध्ये पहिला येतो. म्हणजे एका गठ्ठ्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात हा एकच आकडा असतो. मध्ये कुणी गळत नाही, कुणाचं नाव दोनदा येत नाही. उणे एक, अधिक एक करत बसावं लागत नाही.

शेवटचा स्लाइस [१२००:१२५०]. यादी तर १,२३७ वर संपते. तरीही चूक येत नाही, कारण स्लाइस यादीच्या बाहेर गेला तर पायथन मुकाट्याने यादीच्या टोकाला थांबतं. यादी[१२४०] असा एकटा घटक मागितलात तर मात्र इंडेक्सएरर येतो. दोन्हींतला हा फरक लक्षात राहिला की शेवटच्या गठ्ठ्यासाठी वेगळी इफ लिहायची गरज उरत नाही. तुमचा पंचविसावा गठ्ठा ३७ जणांचा.

नवशिक्या_२१

दशमान सर, मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे सगळे हे एका ओळीचं वापरतात:

झिप(*[इटर(यादी)] * ५०)

हे जास्त वेगवान आहे म्हणे. मग रेंज कशाला?

मुळाक्षर

@नवशिक्या_२१, ओळ सुंदर आहे, पण ती कशी चालते हे आधी समजून घे. मग ग्रंथसेवकांना ती का चालणार नाही ते आपोआप दिसेल.

पन्नासऐवजी तीन घेऊ आणि यादी अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए. इटर(यादी) म्हणजे यादीवरून पुढे सरकणारा एकच वाचक. [इटर(यादी)] * ३ केल्यावर यादीत तीन घटक दिसतात खरे, पण ते तीन वेगळे वाचक नाहीत, त्याच एका वाचकाचे तीन उल्लेख आहेत. झिप पहिल्याकडे एक घटक मागतो, अ मिळतो. दुसऱ्याकडे मागतो, पण वाचक तोच असल्याने आ मिळतो. तिसऱ्याकडे इ. झाला पहिला गठ्ठा. मग ई, उ, ऊ. तिसऱ्या फेरीत ए हाती येतो, दुसरा मागायला गेलं तर यादी संपलेली. अशा वेळी झिप काय करतो? थांबतो. आणि हातात घेतलेला ए टाकून देतो. चूक नाही, इशारा नाही.

१,२३७ सभासदांवर हे चालवलं तर ५०चे २४ गठ्ठे होतील, १,२०० जणांना सूचना जाईल आणि शेवटच्या ३७ जणांचा पत्ताच राहणार नाही. प्रोग्राम मात्र व्यवस्थित संपलेला दिसेल. यादी आडनावानुसार लावलेली असेल तर वाघ, वैद्य, शिंदे, सावंत अशी शेवटची मंडळी दर वेळी वगळली जातील. माझ्या मते अशी चूक ओरडून सांगणाऱ्या एररपेक्षा कितीतरी वाईट.

पायथन ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट=ट्रू देता येतं. मग शेवटचा गठ्ठा अपुरा निघाला तर व्हॅल्यूएरर येतो. अक्षांश-रेखांशांच्या जोड्या किंवा लाल-हिरवा-निळा अशी त्रिकुटं वाचताना हेच हवं असतं, कारण तिथे अर्धवट गट म्हणजे माहितीच बिघडलेली. ईमेलच्या यादीत अर्धवट गठ्ठा ही चूक नाहीच.

नवशिक्या_२१

झिप_लाँगेस्ट वापरलं तर? ते टाकून देत नाही ना?

मुळाक्षर

टाकून देत नाही, भर घालतं. शेवटच्या गठ्ठ्यात ३७ पत्ते आणि तेरा नन (पायथनची 'इथे काही नाही' ही खूण) येतील. ते नन तसेच मेलसेवेकडे गेले तर ती अख्खा गठ्ठा नाकारू शकते. नंतर गाळून टाकता येतात, पण मग मूळ यादीत एखाद्या सभासदाचा पत्ता रिकामा म्हणून नन असेल तर तोही भरणीसोबत गाळला जाईल आणि तुला कळणारही नाही. भरायचंच असेल तर भरणी = ऑब्जेक्ट() अशी यादीत कधीच नसणारी खूण करायची आणि इज वापरून तीच गाळायची. पण जे घालून पुन्हा काढायचं ते घालायचंच कशाला? सारख्या लांबीच्या ओळी हव्यात असं काम असेल, उदाहरणार्थ छापायचा तक्ता, तिथे झिप_लाँगेस्ट चांगलं.

रातराणी

इथे पायथन ३.१२ चा उल्लेख हवाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत इटरटूल्समध्ये बॅच्ड नावाचं फंक्शन आलं. बॅच्ड(यादी, ५०) एवढंच लिहायचं. शेवटचा गठ्ठा लहान असेल तर लहानच येतो, काही गळत नाही, काही भरलं जात नाही. ३.१३ पासून त्यालाही स्ट्रिक्ट=ट्रू देता येतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गठ्ठे टपल (बदलता न येणारी यादी) म्हणून येतात, लिस्ट म्हणून नाही. त्यामुळे गठ्ठा.अपेंड चालणार नाही. आणि आकार एकपेक्षा कमी दिला तर व्हॅल्यूएरर येतो. हे दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. वरच्या रेंजवाल्या फंक्शनला चुकून -५० दिलं तर रेंज रिकामी निघते, एकही गठ्ठा होत नाही आणि एररही येत नाही. तेव्हा ते वापरणार असाल तर आकाराची तपासणी स्वतः घाला. आणि ती घालताना हे बघा की यील्ड असलेलं फंक्शन, म्हणजे जनरेटर, नुसतं हाक मारल्याने चालू होत नाही, पहिला गठ्ठा मागितल्यावर चालू होतं. म्हणजे आतली तपासणीही तेव्हाच होते. एरर लगेच हवा असेल तर तपासणी बाहेरच्या साध्या फंक्शनात करून आतून जनरेटर परत करायचा.

बॅच्डचा खरा फायदा यादी नसते तेव्हा. मोठी लॉग फाइल ओळीओळीने वाचताय, डेटाबेसचा कर्सर आहे, कुठला तरी जनरेटर आहे. तिथे लेन चालत नाही, स्लाइसही चालत नाही. जुन्या पायथनवर तेच काम असं होतं:

प्रवाह = इटर(मूळ)
व्हाइल गठ्ठा := टपल(आयस्लाइस(प्रवाह, ५०)):
    पाठवा(गठ्ठा)

यातलं := हे चिन्ह ३.८ पासून आहे. पहिली ओळ गाळू नका. प्रवाहाऐवजी थेट यादीच आयस्लाइसला दिलीत तर दर फेरीला वाचन पहिल्यापासून सुरू होईल आणि पहिल्याच पन्नास जणांना मेल जात राहतील, थांबणार नाहीत.

ग्रंथसेवक

सगळ्यांचे मनापासून आभार. झिपचं वाचून अंगावर काटा आला, कारण आधी तीच ओळ वापरायचं मनात होतं. वाचनालयाच्या संगणकावर ३.८ आहे, तेव्हा दशमान यांचंच फंक्शन घेतो.

आता दुसरं काम. काही ज्येष्ठ सभासद ईमेल उघडत नाहीत, म्हणून सगळ्यांना एकेक फोनही करायचाय. सहा कार्यकर्ते तयार आहेत. १,२३७ नावं सहा जणांत वाटायची. १२३७ // ६ केलं तर २०६ येतात. तुकडे(यादी, २०६) चालवलं तर सात तुकडे झाले आणि सातव्यात एकच नाव!

तळटीप

हा प्रश्न पहिल्यापेक्षा वेगळा आहे, आणि बहुतेक गोंधळ हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतो. तिथे गठ्ठ्याचा आकार ठरलेला होता, गठ्ठे किती होतील ते यादीवर अवलंबून. इथे वाटेकरी ठरलेले आहेत, आकार त्यावरून काढायचाय.

लोक यावर भागाकार वर ओढायचा उपाय सांगतात. २०६ ऐवजी २०७ घ्या. तुमच्या आकड्यांवर ते खपून जातं: पाच जणांना २०७ आणि सहाव्याला २०२. पण नऊ नावं सहा जणांत वाटून बघा. वर ओढलेला आकार २. मग तुकडे होतात २, २, २, २, १. पाचच! सहावा कार्यकर्ता रिकामा बसला. तेव्हा आकार काढून तुकडे करणं हा वाटणीचा मार्गच नव्हे.

वाटणी अशी करायची. आधी सगळ्यांना सारखं द्यायचं, मग जे उरेल ते पहिल्यापासून एकेकाला एकेक:

डेफ वाटणी(यादी, भाग):
    पाया, जादा = डिव्हमॉड(लेन(यादी), भाग)
    सुरुवात = ०
    फॉर क्रमांक इन रेंज(भाग):
        शेवट = सुरुवात + पाया
        इफ क्रमांक < जादा:
            शेवट += १
        यील्ड यादी[सुरुवात:शेवट]
        सुरुवात = शेवट

डिव्हमॉड भागाकार आणि बाकी एकदम देतं. डिव्हमॉड(१२३७, ६) चं उत्तर २०६ आणि १. पहिल्या कार्यकर्त्याला २०७, बाकी पाच जणांना २०६. नऊ नावांना पाया १, जादा ३, म्हणून २, २, २, १, १, १. कुणाही दोघांत एकापेक्षा जास्त फरक पडत नाही. नावंच वाटेकऱ्यांपेक्षा कमी असली तर शेवटच्यांना रिकामी यादी मिळते. ते चालणार का हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आकडेमोड

नमपायचं अॅरे_स्प्लिट हेच करतं, एका ओळीत. नुसतं स्प्लिट वापरू नका, समान भाग होत नसले तर ते एरर देतं. अॅरे_स्प्लिट निमूटपणे पहिल्या काही भागांना एकेक जास्त देतं.

तळटीप

हो, वाटणीचं गणित अगदी तेच. आकड्यांची यादी असेल आणि नमपाय आधीच वापरात असेल तर मीही तेच घेईन. पण नावं आणि सभासद क्रमांक अशा मिश्र यादीला ते लावू नये. नमपाय यादीचा अॅरे करतं आणि त्यात आकडे व मजकूर एकत्र आले की आकड्यांचाही मजकूर करून टाकतं. १०२ चा '१०२' झाला की पुढच्या तुलना फसतात. फोनच्या यादीसाठी एवढं मोठं पॅकेज आणायची गरजही नाही.

माजघर

थोडं वेगळं सुचवते. यादी[०::६], यादी[१::६] असे सहा स्लाइस घेतले तरी वाटणी समसमान होते, तीही डिव्हमॉडशिवाय. पंगतीत वाढताना एक पान या ओळीला, एक त्या ओळीला, तसं. पहिल्याला ०, ६, १२ क्रमांकाची नावं, दुसऱ्याला १, ७, १३.

मात्र यादी कशी लावलेली आहे ते आधी बघा. तुमची यादी वाडीवार किंवा पेठवार असेल तर सलग तुकडे बरे. एका कार्यकर्त्याकडे एकाच भागातली माणसं येतील, ओळखीची असतील, फोनवर बोलणं सोपं होईल. यादी सभासदत्वाच्या तारखेने लावलेली असेल तर सलग तुकड्यांत पहिल्या कार्यकर्त्याकडे सगळे वयस्कर सभासद जातील, ज्यांच्याशी बोलायला वेळ जास्त लागतो. तिथे सहा-सहाच्या उडीने वाटलेलं न्याय्य. नावांची संख्या समान झाली म्हणजे काम समान झालं असं नाही ना.

ग्रंथसेवक

माजघरताई, हे फार बरोबर बोललात. आमची यादी तारखेवारच आहे. उडीनेच वाटतो.

घाटवाट

पाठवण्याबद्दल एक कळकळीची सूचना. 'पाठवलेले पत्ते यादीतून काढत जाऊ, म्हणजे उरलेले कळतील' असा विचार कुणाच्याही मनात येतो. फिरत्या लूपमध्ये तसं करू नका. रेंजच्या सुरुवाती आधीच ठरलेल्या आहेत: ०, ५०, १००. पहिला गठ्ठा पाठवून ते ५० जण यादीतून काढलेत की मूळचे ५०–९९ क्रमांकाचे लोक सरकून ०–४९ वर येतात. लूप मात्र आता [५०:१००] मागतो, म्हणजे मूळचे १००–१४९. मधले ५० गेले. असं करत एक आड एक गठ्ठा वगळला जातो. एरर इथेही नाही, कारण स्लाइस बाहेर गेला तरी रिकामी यादी देतो.

त्यापेक्षा मूळ यादीला हात लावू नका. एन्युमरेट लावून गठ्ठ्यांना क्रमांक द्या, आणि गठ्ठा पाठवून झाला की क्रमांक फाइलमध्ये लिहा. मध्येच वीज गेली, नेट गेलं तर फाइल बघून पुढच्या क्रमांकापासून सुरू करता येतं. यासाठी यादीचा क्रम दर वेळी तोच हवा. सेटमधून केलेली यादी दर वेळी वेगळ्या क्रमाने येऊ शकते, म्हणून दुबार पत्ते काढताना सेटऐवजी लिस्ट(डिक्ट.फ्रॉमकीज(यादी)) वापरा. त्यात पहिला क्रम टिकतो. दुबार पत्ते गठ्ठे करायच्या आधीच काढायचे हे वेगळं सांगायला नको.

आणि शेवटी एक ताळा: सगळ्या गठ्ठ्यांच्या लांबीची बेरीज लेन(यादी) एवढी आहे का? असर्टची (अट खोटी ठरली तर एरर देणारी) एक ओळ. वरच्या झिपची चूक या एका ओळीत पकडली जाते.

ओवरी

डेटाबेसवाल्यांसाठी भर. एसक्यूएल क्वेरीच्या इन(...) मध्ये हजारो आयडी टाकायचे असतील तर गठ्ठे करावेच लागतात. ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांत इनच्या यादीत १,००० ची मर्यादा होती, तिने बरीच वर्षं प्रोग्रामरांना छळलं. एसक्यूलाइटमध्ये प्रश्नचिन्हांची (क्वेरीत प्रत्यक्ष माहितीच्या जागी ठेवलेल्या खुणांची) मूळ मर्यादा ९९९ होती, २०२० मधल्या ३.३२.० पासून ती ३२,७६६ झाली. ही मर्यादा प्रश्नचिन्हांची आहे, ओळींची नाही. एका ओळीत चार रकाने असतील तर ९९९ मध्ये २४९ ओळीच बसतात. म्हणून आकार = ९९९ // रकाने असं काढायचं. इथे खाली ओढलेला भागाकारच बरोबर.

नवशिक्या_२१

हेच तुकडे फंक्शन एसएमएसच्या मजकुरावर लावलं तर? स्ट्रिंगचाही स्लाइस होतो ना.

मुळाक्षर

होतो, आणि मराठीत लगेच मोडतो. 'पुस्तक' घे. पायथनच्या दृष्टीने त्यात सहा घटक: प, उकार, स, हलन्त, त, क. तीन-तीनचे तुकडे केलेस तर पहिला 'पुस', आणि दुसरा हलन्ताने सुरू होणारा, ज्याच्या आधी व्यंजनच नाही. पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लोंबणारी खूण दिसते ती हीच.

मराठी एसएमएसमध्ये जागाही कमी. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, पण त्यात देवनागरी आली की मर्यादा ७०. लांब मजकूर जोडून जाणाऱ्या संदेशांत गेला तर प्रत्येकात ६७. आणि हे घटक डोळ्याला दिसणारी अक्षरं नव्हेत. 'वार्षिक सर्वसाधारण सभा' यात डोळ्याला अकरा अक्षरं दिसतात, लेन मात्र २२ सांगतं, त्यातल्या दोन मोकळ्या जागा.

तेव्हा मजकुराला तुकडे नको. पायथनसोबतच येणारं टेक्स्टरॅप घे: रॅप(मजकूर, ७०, ब्रेक_लाँग_वर्ड्स=फॉल्स). ते शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेवर तोडतं, काना-मात्रेला धक्का लागत नाही. तुकडे सारख्या लांबीचे होणार नाहीत, आणि इथे ते व्हायलाही नकोत. इमोजी मात्र टाळ. पायथन ती एक मोजतं, एसएमएसमध्ये ती दोनची जागा खाते.

रातराणी

याच धोक्याचं दुसरं रूप: यादीऐवजी चुकून एकच पत्ता, म्हणजे स्ट्रिंग, फंक्शनला दिली तर तिचेही तुकडे होतात आणि तक्रार कुणी करत नाही. @ग्रंथसेवक, फंक्शनच्या सुरुवातीला इफ इझइन्स्टन्स(यादी, स्ट्र) तपासून टाइपएरर द्या.

ग्रंथसेवक

घातलं. असर्टही घातला, दुबार पत्तेही काढले. काही घरांत नवरा-बायको दोघं सभासद आणि पत्ता एकच निघाला, त्यामुळे यादी थोडी आखडली. तिथे एकाच मेलमध्ये दोघांची नावं लिहितोय, कारण सूचना सभासदाला जायला हवी, पत्त्याला नव्हे. आधी कार्यकारिणीच्या पत्त्यांवर आकार ४ ठेवून पाठवून बघतो. शेवटचा लहान गठ्ठा नीट पोचला की मग पूर्ण यादी ५० ने.

दशमान

कार्यकारिणीत किती जण आहेत? आकडा चारने भाग जाणारा असेल तर आकार बदला. नाहीतर लहान गठ्ठ्याची चाचणी होणारच नाही.

ग्रंथसेवक

अकरा. ४, ४, ३.